थप्पीला हात लावायचा नाही

नगर जिल्ह्यात वादळात बाभळ पडली, तर ती पडल्याचा आवाज विरायच्या आत दुसरा आवाज उठतो : "बांध कुणाचा?" झाड उभं असताना त्याची सावली पिकावर पडते, म्हणून दोन्ही बाजूंचे शेतकरी ते शेजाऱ्याचं आहे असं सांगत असतात. आडवं झालं की तेच झाड दोघांच्याही आजोबांनी लावलेलं निघतं. वास्तविक बांधावरची बाभळ कुणाचाच आजोबा लावत नाही. शेळ्या शेंगा खातात, बी लेंडीतून बाहेर पडतं, पाऊस येतो, झाड उगवतं. वारसा सांगायचाच झाला तर तो शेळीच्या बाजूने सांगावा लागेल. पण शेळीला सातबारा नसतो, आणि ज्यांना असतो त्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात विहिरीच्या हिश्शापासून सोसायटीच्या बोजापर्यंत सगळं काही असतं, बाभळ तेवढी नसते. शेवटी गावातली दोन जाणती माणसं येतात, सुतळी धरतात, एक डोळा मिटून बांधाची रेघ बघतात आणि निकाल देतात. बुंधा याचा, फांद्या त्याच्या. हा निकाल दोघांनाही सारखाच अन्यायाचा वाटतो, म्हणून तो टिकतो.

यातली गंमत अशी की दोन्ही घरांत गॅस असतो. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि तिची टाकी यथावकाश पाथर्डी-जामखेडच्या वस्त्यांवरही पोहोचली. टाकी आली म्हणून गोठ्याशेजारची सरपणाची थप्पी हलली नाही. चहा गॅसवर, पाहुण्यांचे पोहे गॅसवर; भाकरी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी बंबात किंवा अंगणातल्या तीन दगडांवर. १४.२ किलोची टाकी संपली की पैसे मोजावे लागतात. थप्पी संपली तर काय, हा प्रश्नच येत नाही, कारण थप्पीला हात लावायचा नसतो.

सरपण जाळण्यासाठी असतं, ही शहरातल्या माणसाची समजूत. रोजची चूल पेटते ती पऱ्हाट्या, तुराट्या, उसाची चिपाडं, गोवऱ्या आणि वाऱ्याने पडलेल्या काटक्या यांच्यावर. फोडून, वाळवून, भिंतीला लावून रचलेली बाभळीची लाकडं वेगळी. ती लग्नासाठी असतात, झडीच्या दिवसांसाठी असतात, दिवसकार्यासाठी असतात. थोडक्यात, आजच्या दिवसासाठी कधीच नसतात. "आत्या, थप्पीतलं एक लाकूड घेऊ का?" असं सुनेने विचारलं तर सासू काही बोलत नाही. ती आधी लाकडाकडे बघते आणि मग सुनेच्या माहेरच्या दिशेने बघते.

लाकडाची प्रत लावण्यात नगरी माणूस कडक. (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला, बाभळ दोन्ही नावांत तितकीच कडक राहिली.) पहिला मान बाभळीचा. गाभा तांबूस, वजनाला जड, जळायला संथ, निखारा टिकवणारी. नांगर हिचा, बैलगाडीची चाकं हिची आणि कुऱ्हाडीचा दांडाही बहुधा हिचाच, त्यामुळे 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण बाभळीने मनाला लावून घ्यावी अशी आहे. लिंब बरा, पण धूर कडू. आंबा भसाभसा जळून मोकळा होतो. शेवगा द्यावा तो ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला. वड, पिंपळ, उंबर यांना हात लावायची रीत नाही. आणि एखाद्याने लावलाच, तर पुढच्या वीस वर्षांत त्याच्या घरात जे काही वाईट होईल ते सगळं गाव त्या एका फांदीच्या खाती जमा करतं.

चिंचेचं प्रकरण निराळं. तिचा धागा सरळ जातच नाही, एकमेकांत गुंतलेला असतो. खाटीक मटण तोडायला चिंचेचा ओंडका ठेवतो तो याचसाठी, की वर्षानुवर्षं घाव खाऊनही तो चिरत नाही. असा ओंडका जळणासाठी फोडायला घेणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर घरात भांडून आलेला असतो.

आणि मग येडी बाभळ. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही बया १८७७ च्या सुमारास भारतात आणली गेली. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या माळांवर आणि ओढ्याकाठी आता तिचंच राज्य आहे. तिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तिच्या बांधाचा वाद तहसीलदारांपर्यंत जात नाही. तोडली की बुंध्यातून चौपट फुटते. काटा असा की मोटरसायकलच्या टायरला विचारावा. जळायला मात्र देशी बाभळीच्या तोडीस तोड, आणि भट्टीतला कोळसाही हिचा चांगला होतो. तालुक्यातल्या कितीतरी चुली हिच्या जिवावर चालतात, तरीही थप्पीच्या दर्शनी बाजूला हिचं लाकूड कुणी लावत नाही. ते मागच्या रांगेत जातं. सुबाभळीचंही थोडं तसंच. उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिचा प्रसार केला, ती चारा देते, सरपण देते, भराभर वाढते. गावात तिला मान नाही याचं कारण एकच असावं. ती फार सरळ वाढते, आणि सरळ लाकूड फोडताना सल्ला द्यायला जागा उरत नाही.

कारण लाकूड फोडायला एक माणूस लागतो आणि बघायला सात. फोडणारा ओंडका मांडतो, हातावर थुंकतो, कुऱ्हाड उचलतो, आणि पाराच्या बाजूने पहिलं वाक्य येतं : "गाठीवर नको मारू." गाठ कुठे आहे याबद्दल मग दोन तट पडतात. कुणी पाचर मारायला सांगतं, कुणी पहार घालायला. निवृत्त गुरुजी कोन सांगतात. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर डुगडुगायला लागलं की ती रात्रभर पाण्यात ठेवावी, दांडा फुगून नेढ्यात घट्ट बसतो, हे सातही जणांना ठाऊक असतं. आदल्या रात्री मात्र एकालाही आठवलेलं नसतं. बाभळ ओली असतानाच फोडावी, वाळली की तिचं लोखंड होतं, हेही सगळ्यांना पाठ असतं. तरीही "वाळू दे जरा" म्हणून ओंडका अंगणात पडतो, दोन पावसाळे खातो, त्याच्यावर पोरं बसतात, म्हातारे बसतात, ग्रामपंचायतीची एक निवडणूक त्याच्यावर बसून लढवली जाते, आणि मग कधीतरी दिवाळीच्या तोंडावर त्याच्यावर पहिला घाव पडतो. घाव पडतो म्हणजे कुऱ्हाड उडून परत येते.

अलीकडे पेट्रोलवरची कापायची मशीन आली आहे. तिचा मालक तासावर पैसे घेतो. आठवडाभर पुरणारा कार्यक्रम ती दुपारच्या आत उरकते आणि तिच्या आवाजात सल्ला ऐकू जात नाही. मशीन चालू असताना ते सात जण तोंड हलवत उभे असतात, हे दृश्य बघण्यासारखं असतं.

तोडण्याआधी कायदा लागतो. झाडं तोडण्याचं नियमन करणारा राज्याचा कायदा १९६४ चा. त्याच्या यादीत साग आहे, चिंच आहे, आंबा, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन आहे. या झाडांना परवानगी हवी. बाभळ यादीत नाही. त्यामुळे चौकशी झालीच, तर गावात तोडलेलं प्रत्येक झाड बाभळच निघतं. एखाद्या बाभळीच्या बुंध्याशी चिंचोके सापडले तर ते वाऱ्याने आलेले असतात.

पण याच जिल्ह्याने कुऱ्हाडबंदीही करून दाखवली, हे विसरून चालणार नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले आणि नशाबंदी, चराईबंदी, श्रमदान यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदीही आली. १९९२ मध्ये राज्याने आदर्श गाव योजना काढली तेव्हा ही सूत्रं तिच्यात गेली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, आणि तिथल्या उघड्या डोंगरांवर पुढच्या वर्षांत झाडं उभी राहिली. पावसाचं प्रमाण तेच, माणसं तीच. कुऱ्हाड तेवढी खुंटीला. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून राज्यभरातली गावं जीपगाड्या भरून तिथे अभ्यासदौऱ्याला जातात, फोटो काढतात, पिठलं-भाकरी खातात, भारावतात आणि परतताना घाटात थांबून म्हणतात, "आपल्याकडंबी करायला पायजे. पण आपल्याकडं लोकंच तशी नाईत." हे म्हणणारे लोक म्हणजेच ते लोक, हे जीपच्या ड्रायव्हरला कळलेलं असतं.

कुऱ्हाडबंदी म्हणजे सरपणबंदी नव्हे. वाळलेलं, पडलेलं लाकूड वेचायला आडकाठी नसते. हिवरे-राळेगणच्या बाहेर जिथे ही बंदी नुसतीच ठरावात असते, तिथे खरी कसोटी लागते ती 'वाळलेलं' या तीन दमड्यांच्या विशेषणाची. संध्याकाळी हिरवी असलेली फांदी सकाळी वाळते. कधी वीज पडून वाळते, तीही वीज नेमकी करवतीच्या रेघेत पडते. झाडाच्या बुंध्याशी रोज चुलीतले निखारे कोण टाकतं, ते कुणाला माहीत नसतं. झाड मात्र वर्षभरात आपखुशीने वाळतं.

आता हे सगळं घरी आणायचं. इथे पुरुषमंडळी एकदम कमी होतात. बुंधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो, त्याच्यावर चार जण चढून बसलेले असतात आणि गावातून मिरवणूक निघते. पण चूल ज्या काटक्यांवर रोज चालते त्या बाईच्या डोक्यावरून येतात. खाली चुंबळ, वर मोळी, कमरेला विळा, आणि जवळचं झाड गेल्या वर्षी संपलं म्हणून यंदा एक टेकडी पलीकडची. हीच बाई घरी येऊन फुंकणीने धूर फुंकते आणि खोकते. बांधावरच्या बाभळीचा न्याय करायला तिला कुणी बोलावत नाही. बोलावलं असतं तर कोणतं लाकूड किती धूर करतं याची साक्ष तिच्याइतकी पक्की कुणाची नव्हती.

विकत आणणाऱ्याची तऱ्हा वेगळी. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, आणि नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पाणी असतं. वखारवाल्याला ओलं लाकूड विकायला आवडतं, याचं कारण हे. दुष्काळी तालुक्यात पाणी विकण्याची ही सर्वांत जुनी पद्धत असावी. गिऱ्हाईक लाकूड हातात घेतं, दुसऱ्या लाकडावर आपटतं आणि आवाज ऐकतं; टणत्कार आला तर वाळकं, धप्प आवाज आला तर ओलं. वखारवाला म्हणतो, "सुक्याबरोबर ओलंबी जळतं." म्हण म्हणून ठीक आहे. चुलीत ती खरी होत नाही. ओलं लाकूड आपल्यातलं पाणी उकळवत बसतं, टोकाने फेस काढतं आणि शेजारच्या सुक्यालाही विझवतं.

थप्पी रचण्याचं शास्त्र घराघरांत वेगळं, पण खाली दोन दगड किंवा आडवे वासे, वर मोठी फाडं, त्यावर ढलप्या आणि सर्वांत वर जुना पत्रा, हे साधारण ठरलेलं. आठ-पंधरा दिवसांत थप्पीला रहिवासी येतात. कोंबडी खाली अंडी घालते, मांजरी पिल्लं घालते, विंचू येतो, आणि विंचवाच्या मागे कधीकधी ज्याचं नाव संध्याकाळी घ्यायचं नसतं तोही येतो. वरची लाकडं लागतात, पुन्हा नवी वर पडतात. तळाचा थर कधीच हलत नाही. त्या थरात पाच वर्षांपूर्वी हरवलेला विळा असतो, पोरांचा चेंडू असतो, थोरल्याच्या लग्नातला स्टीलचा पेला असतो, ज्याच्यावरून आचाऱ्याला चोर ठरवून झालेलं असतं.

खालच्या थरात काय निघेल याचा नगर जिल्ह्यात नेम नाही, याला पुरातत्त्वाचाच पुरावा आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. भा. पु. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ही जागा हुडकली, आणि पुढच्या उत्खननांत तिथे एकावर एक पाच संस्कृतींचे थर सापडले. पण दायमाबाद जगाच्या नकाशावर गेलं ते पुरातत्त्वखात्याच्या खणतीमुळे नव्हे. १९७४ मध्ये तिथल्याच एका भिल्ल माणसाने एका झुडपाचं बूड खणायला घेतलं. झुडपाचं बूड माणूस भर उन्हात कशासाठी खणतो, हे नगरकराला समजावून सांगावं लागत नाही. मुळीचं लाकूड फांदीपेक्षा कडक असतं आणि त्याच्यावर बांधवाला हक्क सांगत नाही. खणता खणता मुळीऐवजी धातू लागला. दोन बैल जुंपलेला आणि उभ्या माणसाने हाकलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव ब्राँझच्या वस्तू बाहेर आल्या, एकेक उचलताना दमवेल अशा वजनाच्या. त्या नेमक्या किती जुन्या यावर विद्वानांचा वाद झाला. सिंधू संस्कृतीशी त्यांचं नातं जोडणाऱ्यांनी त्यांना चार हजार वर्षं दिली. भारतीय पुरातत्त्वातल्या एका मोठ्या शोधाची सुरुवात झुडपाच्या मुळीपासून झाली. त्या मुळीचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्याच अहवालात नाही. गावाला विचाराल तर सरळ उत्तर मिळेल : दुसरं काय होणार?

थप्पी रचण्यावरून भांडणारे आपणच तेवढे नाही. नॉर्वेत लार्स मिटिंग या लेखकाने २०११ मध्ये लाकूड तोडणं, रचणं आणि वाळवणं यांवर पुस्तक लिहिलं आणि ते लाखांनी खपलं. १५ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी तिथल्या सरकारी वाहिनीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले चार तास तोडणं, फोडणं, रचणं आणि चर्चा; उरलेले आठ तास नुसती पेटलेली शेकोटी. लोक जागून बघत बसले. वाहिनीकडे साठेक संदेश तक्रारीचे आले. निम्म्यांचं म्हणणं, लाकडाची साल वर ठेवून रचलं, हे चूक. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, साल खाली ठेवली, हे चूक. हा वाद नगरला सोडवायला दिला असता तर पाच मिनिटांत सुटला असता. साल राहतेच कशाला? बाभळीची साल कातडी कमवायला जाते, कोवळी फांदी दात घासायला जाते, डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो, शेंगा आणि पाला शेळीच्या पोटात जातो, काटे कुंपणाला लागतात. थप्पीपर्यंत पोहोचतं ते फक्त उघडं लाकूड, आणि ते कसंही ठेवलं तरी सासूला पसंत नसतं.

जिल्हा पश्चिमेला अकोले तालुक्यापर्यंत जातो तिथे या विनोदाचा रंग बदलतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर पेढे वाटावेत अशी अवस्था. घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या पावसाळ्यात तो पाच हजारांच्या घरात जातो. एकाच जिल्हा परिषदेला एका टोकाला टँकर पाठवायचे असतात आणि दुसऱ्या टोकाला छत्र्या. कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात घराच्या भिंती दिसत नाहीत, कारण पडवीभर, वळचणीखाली, माळ्यावर लाकूडच लाकूड. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत हात न लावण्याची चैन परवडत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरचं एक काटूकही पेटणार नसतं. शिवाय पावसाच्या तोंडावर भातरोपांसाठी राब भाजायचा असतो, म्हणजे फांद्या आणि पाला शेतालाही हवा आणि चुलीलाही. शेत जिंकतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत भंडारदऱ्याला पुण्या-मुंबईची गर्दी काजवे बघायला येते. त्यांना अंधार हवा असतो काजव्यांसाठी, आणि तंबूसमोर मोठी शेकोटीही हवी असते. त्यासाठी लाकडाच्या भाऱ्याचे वेगळे पैसे ते आनंदाने मोजतात. शेकोटीवर काही शिजवायचं नसतं, अंघोळीचं पाणी ठेवायचं नसतं. मे महिन्याच्या उकाड्यात तिच्यापासून दहा हात लांब बसायचं असतं. भारा आणून देणारा पोरगा हे शांतपणे बघतो आणि घरी गेल्यावर आईला सांगतो. आईचा विश्वास बसत नाही.

जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध आग मात्र कधी विझूच दिलेली नाही. शिर्डीत द्वारकामाईतली साईबाबांची धुनी अजून लाकडावर पेटती आहे, आणि तिच्या राखेची उदी देशभर जाते. धुनीला सरपण लागतं, म्हणजे ते साठवायलाही लागतं, आणि बाबा ते साठवत. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या साईसच्चरितात त्याची गोष्ट आहे. गावात पटकीची साथ आलेली. पंचांनी ठरवलं की गावात सरपणाची गाडी येऊ द्यायची नाही आणि बोकड कापायचा नाही. तरी एक गाडी वेशीशी आलीच. गावात जळणाची टंचाई आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण ठराव म्हणजे ठराव. लोक गाडी परत घालवायला सरसावले. तेवढ्यात बाबा स्वतः आले, गाडीवानाला गाडी सभामंडपाकडे न्यायला सांगितली आणि धुनीसाठी लाकडं विकत घेतली. कुणी चकार शब्द काढला नाही. आता यात संतत्व किती आणि व्यवहार किती, हे भक्तांनी ठरवावं. एवढं खरं, की टंचाईत दाराशी आलेली सरपणाची गाडी परत घालवणं शुद्ध वेडेपणा आहे, हे त्या दिवशी गावात एकाच माणसाला समजलं होतं, आणि ज्याला समजलं त्याचा संसार नव्हता.

त्याच शिर्डीत २००९ मध्ये संस्थानच्या प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसल्या आणि उन्हाच्या वाफेवर हजारो माणसांची भात-आमटी शिजू लागली. नगरचं ऊन एरवी कुणाच्या काही कामाचं नव्हतं, माळावरची गवतं करपवण्यापलीकडे. म्हणजे एकाच गावात धुनी लाकडावर आणि आमटी सूर्यावर. दोन्हीकडे रांग असते.

साखर कारखान्यांचं वेगळं काय सांगावं? प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंतच्या धुराड्यांखाली उसाचाच भुसा जळतो, आणि गाळलेल्या उसाच्या वजनातला जवळपास तिसरा हिस्सा भुसाच असतो. कारखान्याला सरपण शोधायला टेकडीपलीकडे जावं लागत नाही. ते शेतकरी स्वतःच वजनकाट्यावर आणून देतो आणि वर पावती घेऊन रांगेत उभा राहतो.

घरातून निघालेली चूल आता हायवेवर सापडते. नगर-पुणे, नगर-मनमाड, नगर-सोलापूर, कुठल्याही रस्त्याने जावं. दर मैलाला फलक : चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, आणि एका ठिकाणी तर चुलीवरचा चहा. फलकाखाली बाभळीच्या लाकडांची थप्पी इतकी रेखीव लावलेली असते की नॉर्वेच्या माणसाने टोपी काढावी. ही थप्पीसुद्धा जाळायची नसते. ती जाहिरात असते. आतल्या भट्टीत काय जळतं हे बघायला गेलं तर मागच्या बाजूला गॅसच्या व्यावसायिक टाक्या दिसण्याची शक्यता आहे. पुण्याचा माणूस भाकरीचा तुकडा मोडून डोळे मिटतो आणि म्हणतो, धुराची चव आहे. ज्या बाईने ती भाकरी थापली ती गेल्याच वर्षी घरच्या चुलीवरून सुटली, आणि आता पगारावर परत तिच्यासमोर बसली आहे. तिला धुराची चव कशी लागते, ते कुणी विचारलेलं नाही.

आणि शेवटी आबा. प्रत्येक वस्तीवर एक आबा असतात, आणि त्यांची थप्पी वेगळी असते. तिला सुनाच काय, मुलगेही हात लावत नाहीत, कारण ती आबांनी स्वतःसाठी ठेवलेली असते. एका माणसाला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. गावात कुणी गेलं की घरोघरून लाकूड, गोवऱ्या येतात ही रीत आहे, पण आबांचा गावावर भरवसा नाही. वाटेल ते आणतील, शेवगासुद्धा आणतील. म्हणून त्यांनी सत्तरीतच बांधावरची चांगली बाभळ पाहून पाडली, समोर उभं राहून फोडून घेतली आणि पत्र्याखाली रचली. आबा आता नव्वदीला आले. लाकडं वाळून खणखणीत झाली, आबाही. नातवाचं लग्न निघालं, अवकाळी पावसाने सगळीकडचं सरपण भिजलं, आचारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि घरातल्या सगळ्यांची नजर त्या पत्र्याकडे गेली. बोलायची हिंमत कुणाचीच झाली नाही. आबांनीच काठीने पत्रा बाजूला केला. मग लग्नाचा सबंध दिवस मांडवात न बसता ते चुलवाणाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि आचाऱ्याला सांगत राहिले की बुंदीला एका वेळी दोनच फाडं घाल, ही साधी लाकडं नाहीत. संध्याकाळी वरात निघाली. थोरला मुलगा पाया पडायला आला, तेव्हा आशीर्वाद देऊन आबा म्हणाले, "आठ मण गेलीत. दिवाळीच्या आत मला परत पायजेत. आन् बाभळीचीच. निलगिरीवर मी जायचा नाय."